तुळशीच्या अर्काचा १८ मिलिमीटरचा झोन: त्यावरून काय म्हणता येतं, काय नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला तपासता येईल. तुम्ही मुंबईत मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करताय. प्रोजेक्टसाठी तुळस, कडुलिंब, पेरू, अडुळसा आणि विड्याचं पान अशी पाच पानं घेतलीत. काही दादरच्या फुलबाजारातून, काही सोसायटीच्या आवारातून. प्रत्येकाचा एक अर्क इथेनॉलमध्ये, एक गरम पाण्यात. आगर वेल पद्धतीने (जंतू पसरलेल्या आगर जेलीत ‘वेल’ म्हणजे खाच पाडून तिच्यात अर्क सोडायचा; भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ म्हणजे झोन) तुळशीच्या इथेनॉल अर्काला स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवर १८ मिलिमीटरचा झोन आला, त्याच प्लेटवर अँपिसिलिनच्या डिस्कला २२. पाण्याच्या अर्कांना कुठेच काही नाही. ई. कोलायवर विड्याच्या पानाला जेमतेम ११, बाकी सगळे शून्य. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत पेरूच्या पानाने ८५ टक्के मिळवून पहिला नंबर मारला. गाइड म्हणतात, निष्कर्षात ‘तुळस अँटिबायोटिकच्या जवळपास परिणामकारक’ असं लिहा. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही ते शब्दांत मांडता येत नाही. आणि जाता जाता विचारलंत: आजी घरी काढा पाण्यातच करते, मग तो निरुपयोगी समजायचा का?

तुमची शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं इथल्याच कॉलेजांमध्ये लॅब सांभाळते आणि बाहेरची परीक्षक म्हणून दर वर्षी अशा प्रबंधांचा गठ्ठा वाचते. ‘जवळपास परिणामकारक’ हे वाक्य त्यात इतक्यांदा भेटतं की आता मी आधी निष्कर्षाचं पान उघडते आणि मग मागे जाते. अडचण तुमच्या प्लेटमध्ये नाही. प्लेटला तुम्ही विचारलंत, ‘या पानात जंतूंची वाढ रोखणारं काही आहे का?’ आणि निष्कर्षात उत्तर लिहिताय ते ‘हे औषधाच्या तोडीचं आहे का?’ या भलत्याच प्रश्नाचं. या दोन प्रश्नांच्या मध्ये जे आहे त्यावरच सगळं अवलंबून आहे.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत: वेलमध्ये अर्क किती टाकलात, तो वाळवून पुन्हा विरघळवला होता की तसाच ओतला, जंतूचा स्ट्रेन (उपप्रकार) कुठला. म्हणून साधारण कॉलेजात जसं होतं तसं झालं असेल असं धरून पुढे लिहिते. तुमच्याकडे वेगळं असेल तर तेवढा भाग वगळून वाचा.

सुरुवात सॉल्व्हंटपासून, म्हणजे अर्क ज्यात काढला त्या द्रवापासून. पानांची पूड इथेनॉलमध्ये दोन-तीन दिवस भिजवली, गाळली आणि ते हिरवं पाणी मायक्रोपिपेटने थेट वेलमध्ये सोडलं, असं झालं असेल तर तुमच्या १८ मिलिमीटरमध्ये इथेनॉलचा वाटा किती हे कुणालाच सांगता येणार नाही. इथेनॉल स्वतः जंतू मारतं, सॅनिटायझर म्हणून आपण तेच हातांना चोळतो. वेलमध्ये शंभर मायक्रोलिटर इथेनॉल गेलं की त्याच्या भोवती जंतू पातळ होणारच. त्याच प्लेटवर नुसत्या इथेनॉलचा एक वेल होता का? असेल तर त्याचा आकडा तक्त्यात आहे का? बऱ्याच प्रबंधांत ‘निगेटिव्ह कंट्रोल’ एवढा शब्द असतो, आकडा नसतो. तुमच्या पाण्याच्या अर्कांना शून्य आलं यानेही माझा संशय वाढतो, कारण पाणी हा सॉल्व्हंट निरुपद्रवी आहे.

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, पण वेळखाऊ म्हणून टाळला जातो. अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर चाळीस अंशांच्या आसपास उडवायचा, उरलेला भाग चिनीमातीच्या बशीत काढून स्थिर वजन येईपर्यंत वाळवायचा आणि मग वजन करून डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा. पानांचा इथेनॉल अर्क वाळवला की कोरडी पूड कधीच मिळत नाही. डांबरासारखा काळपट हिरवा चिकटा बशीच्या तळाला बसतो, स्पॅट्युलाला लागून येतो आणि बटर पेपरवरून सुटत नाही. त्यात हरितद्रव्य असतं, पानावरचं मेण असतं, साखरा असतात. त्यात आपलं पावसाळी हवामान. जुलैत डेसिकेटरबाहेर ठेवलेला अर्क तासाभरात ओलसर होतो आणि तराजूवरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत चढत जातो. त्यामुळे रिकाम्या बशीचं वजन आधी, अर्कासकट वजन नंतर, आणि विरघळवायचं त्याच बशीत. खरवडून कागदावर घेऊ नका.

आता मुद्द्याचं. समजा तुमचा अर्क मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम होता. प्रोजेक्टमध्ये सहसा तेवढाच असतो. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर टाकलात, म्हणजे एका वेलमध्ये १० मिलिग्रॅम अर्क गेला. शेजारच्या अँपिसिलिनच्या डिस्कवर औषध असतं १० मायक्रोग्रॅम. म्हणजे तुळशीला अँपिसिलिनच्या हजारपट माल दिला तेव्हा १८ आले. हे एक गणित निष्कर्षाच्या वर लिहिलंत तर ‘जवळपास परिणामकारक’ हे शब्द आपोआप गळून पडतील. गाइडशी वाद घालायची वेळच येणार नाही.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगायला हवी. अर्क म्हणजे शेकडो पदार्थांची भेसळ. तुळशीत युजेनॉल, अर्सोलिक ॲसिड, रोझमॅरिनिक ॲसिड असे बरेच घटक आहेत आणि त्या १० मिलिग्रॅममध्ये जंतूंना अडवणारा घटक कदाचित शतांशच असेल. तो वेगळा काढला तर चित्र बदलू शकतं. म्हणून ‘तुळस कुचकामी’ असंही या प्लेटवरून म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच, की या डोसला, या स्ट्रेनवर, वाढ थांबली.

आणि तुमच्या तक्त्यातली एक गोष्ट मला खटकली ती सांगते. तुमचा स्टॅफिलोकोकस जर एटीसीसी २५९२३ असेल (हा प्रमाणित स्ट्रेनचा नंबर; बहुतेक कॉलेजांत तोच असतो), तर १० मायक्रोग्रॅमच्या अँपिसिलिन डिस्कला त्याच्यावर २७ ते ३५ मिलिमीटर झोन यायला हवा. ही या स्ट्रेनसाठी ठरलेली गुणवत्ता-मर्यादा आहे. तुमच्याकडे २२ आला. म्हणजे प्लेट मर्यादेबाहेर गेली आहे. कारणं नेहमीचीच असतात. मॅकफारलंड ०.५ या गढूळपणाच्या मापाशी न जुळवता डोळ्यांनी अंदाज घेऊन जंतू दाट पसरले, किंवा आगर ४ मिलिमीटरपेक्षा जाड ओतला गेला. तसं असेल तर तुळशीचा झोनही थोडा आकसलेला असेल. पण डिस्कची कुपी फ्रीजरमधून काढून तास-दोन तास टेबलावर उघडी राहिली असेल तर दमट हवेत बीटा-लॅक्टम औषधं हळूहळू कमजोर होतात, आणि मग फक्त अँपिसिलिनचाच आकडा खाली येतो. म्हणजे तुळस वर चढली नाही, अँपिसिलिन खाली घसरली, आणि आपण त्याला ‘जवळपास’ म्हणून बसलो. स्ट्रेन वेगळा असेल तर ही मर्यादा लागू नाही. तेव्हा आधी स्ट्रेनचा नंबर शोधा. फ्रिजमधल्या स्लँटवर नुसतं ‘एस. ऑरियस, सीनियर बॅच’ लिहिलेलं असेल तर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहांकडून नीट नंबराचा कल्चर मागवणं बरं.

झोनचा आकार या पानाचा त्या पानाशी का तोलू नये, याचं कारण आगरमध्ये आहे. आगर म्हणजे बहुतांशी पाणीच. लहान, पाण्यात मिसळणारा रेणू त्यातून भरभर पसरतो. मोठे टॅनिन किंवा तेलकट रेणू वेलच्या काठावरच अडकून बसतात. त्यामुळे एखादा प्रभावी पण तेलकट घटक छोटा झोन देतो आणि कमजोर पण चपळ घटक मोठा. तुमच्या तक्त्यात तुळस पहिली आणि कडुलिंब चौथा आहे तो क्रम जंतुनाशक ताकदीचा आहे की आगरमधून पळण्याच्या वेगाचा, हे प्लेट सांगूच शकत नाही. वेल पद्धत ही चाळणी आहे. पुढे कशावर काम करायचं ते ठरवायला चांगली, मोजायला नाही.

मोजायचं असेल तर एमआयसी काढा. म्हणजे वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये अर्क दर मिलिलिटरला १००० मायक्रोग्रॅमपासून सुरू करून निम्मा निम्मा करत खाली न्यायचा: ५००, २५०, १२५ असा. डीएमएसओ १ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि तेवढ्याच डीएमएसओची एक ओळ अर्काशिवाय ठेवायची. जंतू मिलिलिटरला साधारण पाच लाख. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं कुठल्या खाचेपर्यंत वाढ नाही.

इथे पानांच्या अर्कांची खास खोड निघते. वरच्या खाचा मुळातच गडद हिरव्या आणि गढूळ असतात, त्यामुळे वाढ झाली की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लोक रेझाझुरिन घालतात: जंतू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. युक्ती छान आहे, पण तुमचे अर्क अँटिऑक्सिडंट आहेत हे तुम्हीच डीपीपीएचने दाखवलंय. अँटिऑक्सिडंट म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे पदार्थ, आणि असे पदार्थ काही वेळा जंतू नसतानाही रेझाझुरिन किंवा टेट्राझोलियमचा रंग बदलतात. मग मेलेली खाच जिवंत दिसते. त्यामुळे एक ओळ अशी ठेवा जिच्यात अर्क आहे, रंग आहे, मीडियम (जंतूंचं खाद्य) आहे आणि जंतू नाहीत. ही ओळ नसेल तर मी तरी त्या एमआयसीवर विश्वास ठेवणार नाही. शंका वाटली तर त्या खाचेतला थेंब साध्या आगरवर टाका, दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. त्याच प्लेटवरून अर्काने जंतू मारले की नुसते थोपवले, हेही कळतं.

आकडा आला की त्याचा अर्थ कसा लावायचा? कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर या क्षेत्रातले लोक कान टवकारतात. काहीशे असेल तर मध्यम. हजाराच्या वर असेल तर ते तक्त्यात ठेवा, पण त्यावर दावे उभारू नका. एवढ्या मात्रेला बरेच साधे पदार्थसुद्धा जंतूंना त्रास देतात. टॅनिन प्रथिनांना चिकटतात आणि मीडियममधलं लोह बांधून ठेवतात, आंबट अर्क पीएच खाली नेतो. संवेदनशील स्टॅफिलोकोकसला अँपिसिलिन मायक्रोग्रॅमच्या अंशातच थांबवते. तुलना करायचीच तर ती या दोन आकड्यांची करा.

ई. कोलायवरच्या शून्यांबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय असं लिहिण्यावरून जाणवलं. वाटू देऊ नका. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून एक जादा पडदा असतो आणि आत आलेलं परत बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींचे बहुतेक घटक तिथेच मार खातात. विड्याच्या पानात हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल आणि युजेनॉलसारखे लहान फिनॉल असतात, त्यामुळे तेवढंच थोडं आत शिरलं असेल. शून्य हाही निकाल आहे. तो रकाना काढून टाकू नका.

पंपांवरून आठवलं. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन असतं. ते एकटं जंतूंवर फारसं चालत नाही, कारण स्टॅफिलोकोकसचा नॉरए नावाचा पंप ते बाहेर फेकून देतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच कुळातल्या एका झाडाच्या पानांत एक दुसरा पदार्थ आहे, जो स्वतः जंतूंचं काहीच वाकडं करत नाही पण हा पंप अडवतो. मग बर्बेरिन आत टिकतं आणि काम करतं. म्हणजे झाड एक शस्त्र आणि एक अडसर दोन्ही बाळगून असतं. ‘अर्कातले घटक एकमेकांना मदत करतात’ असं वाक्य प्रत्येक प्रबंधात असतं. ते असं दाखवून मग लिहायचं असतं. तुमच्या अर्कांवर तुम्ही हे तपासलेलं नाही, तेव्हा ते वाक्य तूर्त काढा.

आता आजीचा काढा. तुमच्या प्लेटवर पाण्याच्या अर्काला झोन आला नाही याचा आणि काढा उपयोगी की निरुपयोगी याचा संबंध फार थोडा आहे. अडुळशाचंच घ्या. त्यात व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड आहे. खोकल्याच्या औषधांत येणारं ब्रोमहेक्सिन या व्हॅसिसिनवरूनच घडवलं, आणि अँब्रॉक्सॉल हे शरीरात ब्रोमहेक्सिनपासून तयार होणारं रूप. ही औषधं कफ पातळ करतात. जंतू मारणं हे त्यांचं कामच नाही. मग अडुळशाच्या काढ्याला स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर बसवून शून्य गुण देण्यात काय हशील? तुळशीत उलट आहे: तिचं युजेनॉल वाफेबरोबर उडतं. उघड्या पातेल्यात पाव होईपर्यंत आटवलेल्या काढ्यात ते कमीच उरणार, झाकण ठेवून केलेल्यात जास्त. म्हणून ‘गरम पाण्याचा अर्क’ असं लिहिताना किती अंशांवर, किती वेळ, झाकून की उघडा, हे लिहा. त्यावाचून दुसऱ्याला तो अर्क करताच येणार नाही.

तापमानाने काय फरक पडतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण चीनमधलं आहे. तू यूयू या चिनी संशोधिकेचा गट हिवतापावर आर्टेमिसिया ॲन्युआ या झाडावर काम करत होता आणि अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ते झाड पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. त्यावरून त्यांना उष्णतेची शंका आली. १९७१ मध्ये त्यांनी ईथरने कमी तापमानाला अर्क काढला आणि तो चालला. त्यातून आर्टेमिसिनिन निघालं आणि २०१५ चं नोबेल. तेव्हा काढ्याबद्दल तुमच्या प्रबंधात एवढंच लिहा की या पद्धतीने केलेल्या पाण्याच्या अर्काने या दोन जंतूंची वाढ प्लेटवर थांबली नाही. आजीला हे वाचून दाखवायची गरज नाही. घसा शेकायला तिचा काढा चालू द्या. फक्त ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर काढ्यावर भागवू नका, डॉक्टर गाठा.

डीपीपीएचकडे वळते, कारण तिथे मला जास्त बोलायचंय. ८५ टक्के हा आकडा एकटा निरर्थक आहे. किती मायक्रोग्रॅमला ८५? चाचणीत जांभळं डीपीपीएच संपलं की पुढे कितीही अर्क ओता, आकडा हलत नाही. पूर्ण संपल्यावरही द्रावण पिवळसर राहतं, त्यामुळे शंभर कधीच येत नाहीत. ८५ ते ९५ च्या मध्ये कुठेतरी छत लागतं. तुमचा पेरू ८५ आणि विड्याचं पान ८३ असेल तर दोघंही छताला टेकलेत, आणि त्यांच्यातला खरा फरक दसपटीचाही असू शकतो. म्हणून पाच-सहा पातळ्या घ्या, निम्म्याच्या खालीही आणि वरही आकडे येतील अशा, आणि त्यावरून आयसी-५० (डीपीपीएच निम्मं करणारी मात्रा) काढा. एस्कॉर्बिक ॲसिडची आयसी-५० त्याच दिवशी, त्याच डीपीपीएचने. द्रावण रोज ताजं करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा, ते उजेडात उतरतं.

पानांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. मोजणी ५१७ नॅनोमीटरला होते. वाळलेल्या पानात हरितद्रव्याचं फिओफायटिन झालेलं असतं, म्हणूनच वाळकी पानं शेवाळी तपकिरी दिसतात. फिओफायटिन ५०५ आणि ५३५ च्या आसपास थोडा प्रकाश शोषतं, म्हणजे बरोबर तुमच्या मोजणीच्या दोन्ही बाजूंना. अर्काचा स्वतःचा रंग वाचनात मिसळतो आणि डीपीपीएच उरलंय असा भास होतो, म्हणजे टक्केवारी खऱ्यापेक्षा कमी दिसते. याची खूण सांगते: मात्रा वाढवत नेली की टक्के आधी चढतात आणि मग अचानक उतरायला लागतात. मुलं याला ‘जास्त मात्रेला प्रो-ऑक्सिडंट परिणाम’ असं भारदस्त नाव देतात. बहुतेक वेळा तो नुसता हिरवा रंग असतो. प्रत्येक मात्रेला अर्क अधिक मेथॅनॉल, डीपीपीएचशिवाय, असं एक वाचन घेऊन वजा करा.

प्रबंधात फोलिन-सिओकाल्टो चाचणीने एकूण फिनॉल काढून ‘फिनॉल जास्त म्हणून अँटिऑक्सिडंट क्षमता जास्त’ असा आलेख जोडायचा तुमचा विचार दिसतोय. जोडा, पण त्याला शोध म्हणू नका. फोलिनचं रसायनही मुळात इलेक्ट्रॉन घेण्याचंच आहे. व्हिटॅमिन सी, काही साखरा, प्रथिनांतलं टायरोसीन, सगळ्यांना ते निळा रंग देतं. दोन्ही चाचण्या थोड्याफार फरकाने एकच गोष्ट मोजतात, तेव्हा त्यांचे आकडे जुळले यात नवल ते काय!

आणि शीर्षकात तुम्ही अँटिमायक्रोबियल व अँटिऑक्सिडंट हे दोन शब्द जोडीने ठेवलेत, तर चर्चेत त्यांना एकमेकांचं कारण बनवू नका. ‘अँटिऑक्सिडंट असल्यामुळे जंतुनाशक’ हे तर्कटच आहे. उलट चहातल्या कॅटेचिनसारखे काही पॉलिफिनॉल जंतूंच्या मीडियममध्ये स्वतःच ऑक्सिडाइझ होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि जंतूंना काही अंशी तेच भोवतं. म्हणजे एका परीक्षानळीत रॅडिकल शोषणारा पदार्थ दुसरीत ऑक्सिडंट तयार करतो. शरीरात काय होईल हे तर आणखी दूर: आतड्यातून यातलं थोडंच रक्तात जातं आणि यकृत त्याचं रूप पालटतं. खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद सांगणारे ओरॅक आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले ते याच कारणाने. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून आरोग्याचे दावे जाहिरातींत होऊ लागले होते.

पानांच्या ओळखीबद्दल. दादरला ‘तुळस’ म्हणून जुडी मिळते, तिच्यात राम तुळस, कृष्ण तुळस मिसळलेली असते आणि अर्धी जुडी मंजिऱ्या आणि काड्यांची. पान आणि मंजिरी यांचं तेल सारखं नसतं, तेव्हा मंजिऱ्या खुडून बाजूला काढा. विड्याच्या पानांवर फवारणी झालेली असू शकते, आणि बुरशीनाशकाचा अंश राहिला तर तुमचा झोन पानाचा की फवाऱ्याचा? सोसायटीतला कडुलिंब रस्त्याकडेचा असेल तर पानांवर धुळीचा थर असतो. नळाखाली आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. सगळ्यात महत्त्वाचं, फांदीसकट, शक्य तर फुलासकट नमुना दाबून वाळवा आणि सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ओळख पटवून घ्या. नमुन्याचा नंबर प्रबंधात घाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय पान तोडू नका, तिथे ती लागते.

हे सोपस्कार वाटतील, तर एक उदाहरण देते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे नीट पाहिलेलं नाही. कुणाचं बरोबर ते बाजूला ठेवा. सगळा वाद वनस्पती कुठली यावर येऊन थांबला.

वाळवण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सावलीत पानं वाळत नाहीत, काळी पडतात आणि बुरशी धरतात. चाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये, जाळीवर पातळ पसरून वाळवा. पावसाळ्यात सावलीत वाळवलेल्या आणि मे महिन्यात वाळवलेल्या पानांचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

तुमच्याकडे सबमिशनला दोन महिने आहेत असं लिहिलंय. तेवढ्यात पाचही पानांचं सगळं होणार नाही, आणि करायची गरजही नाही. तुळस आणि विड्याचं पान ही दोनच पुढे न्या. नीट ओळखलेली, नीट वाळवलेली, वजन करून डीएमएसओत विरघळवलेली. अर्क वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांपासून तीनदा करा. एकाच प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग तीनदा मोजलेला. झोनची जुनी प्लेट सॉल्व्हंट कंट्रोलसकट पुन्हा लावा, अँपिसिलिन मर्यादेत आली तरच आकडा घ्या, मग एमआयसी. बाकी तीन पानांचे जुने आकडे ‘प्राथमिक चाचणी’ या मथळ्याखाली, आहेत तसे, मात्रेसकट. रेझाझुरिन आणि ९६ खाचांच्या प्लेटा प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात, कॉलेजच्या ऑर्डरची वाट बघत बसू नका.

गाइडना दाखवायला निष्कर्षाचं वाक्य साधारण असं होईल: ‘तुळशीच्या पानांच्या इथेनॉल अर्काने प्रति वेल १० मिलिग्रॅम या मात्रेला स्टॅफिलोकोकस ऑरियसची वाढ रोखली, ई. कोलायवर परिणाम दिसला नाही. अर्काची एमआयसी इतकी आहे.’ ‘इतकी’च्या जागी तुमचा आकडा. वाक्य लहान वाटेल, पण तोंडी परीक्षेत त्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही, आणि ‘जवळपास परिणामकारक’वर मी स्वतः पहिला प्रश्न विचारला असता.

स्ट्रेनचा नंबर, वेलमधली मात्रा आणि नुसत्या इथेनॉलच्या वेलचा आकडा, हे तीन इथेच खाली टाका. इथेनॉलचा वेल लावलाच नसेल तर तसं लिहा, संकोच करू नका. त्या एका आकड्यावर ठरेल की तुमची आधीची प्लेट वाचवता येते की पुन्हा लावावी लागते.